गटारीच्या आधीचा शनिवार

२२ जून, रविवार

टाळ्या वाजवल्या मी. सगळ्यांच्या बरोबरीने! काय म्हणावं मला.

पद्मिनीकडे जेवायला गेले होते. संग्राम आमच्या अनयाला घेऊन बॅडमिंटनच्या टूर्नामेंटला गेलेला — म्हणूनच आजचा दिवस धरला होता, ते नंतर कळलं. आमरस-पुरी झाली आणि तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, चमच्याने ग्लास वाजवला. दोन ऑगस्टला संग्राम पन्नाशीचा होतोय, शनिवारच आहे, तर त्याला काही न सांगता उचलायचं आणि फिंगर लेक्सला न्यायचं. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला, आमच्या पार्सिपनीहून चारेक तास. लांबच लांब तळी, काठाने उतारावर द्राक्षांचे मळे आणि ओळीने वाइनऱ्या. चार वाइनऱ्या करायच्या आणि त्याच दिवशी परत यायचं. शंतनू-हिमानी हे दुसरं जोडपं लगेच तयार. पद्मिनीने माझ्या गळ्यात हात टाकला. "प्लॅनिंग मीनाक्षीचं. नवऱ्याची टेस्ट तिच्याइतकी कोणाला माहितीये?"

माहितीये ना! फेब्रुवारीपासून माझ्या नवऱ्याने थेंबाला हात लावलेला नाही. हे डॉक्टर सोडले तर फक्त आम्हा तिघांना माहीत आहे — तो, मी आणि अनया. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला आणि सरळ सांगितलं, लिव्हर अजून सावरेल, पण पुन्हा सुरू केलंत तर माझ्या हातात काही नाही. त्या दिवशी घरी येताना गाडीतच संग्रामने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. कोणाला सांगायचं नाही, माझी शपथ आहे तुला, म्हणाला. घेतली मी शपथ. तेव्हा मी काहीही घेतली असती.

आणि आता त्याला चार वाइनऱ्या फिरवून आणायचं प्लॅनिंग माझ्याकडे!

२३ जून, सोमवार

व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. नाव — 'संग्राम नॉट आउट ५०'. सकाळपासून ग्लासांचे फोटो. मी हसरे चेहरे पाठवतेय.

२५ जून, बुधवार

आज म्हटलं, नायगाराला जाऊ या का? शैलेंद्र म्हणाला, आईवडील, सासूसासरे, मामा आणि मामाचे शेजारी एवढ्यांना नायगारा दाखवून झालाय, आता तिथला पार्किंगवाला त्याला नावाने हाक मारतो. मग मी समुद्रकाठचं न्यूपोर्ट म्हटलं. मग बलून राइड. मग नुसतंच घरी पावभाजी. पद्मिनी म्हणाली, मीनू, तू इतकी बोअर कधीपासून झालीस?

फेब्रुवारीपासून, बाई.

फेब्रुवारीत अनयाला क्लासहून आणताना रूट ४६ वर संग्रामने प्यायलेल्या अवस्थेत गाडी फुटपाथच्या कडेवर चढवली. कोणाला लागलं नाही. अनया गाडीतून उतरली आणि थंडीत चालत निघाली. पाठीवर रॅकेट. तो गाडीत बसून राहिला आणि मला फोन केला, "मीनू, मी काय केलं हे." त्यानंतर तिने बाबाशी बोलणंच टाकलं होतं. आत्ता कुठे एप्रिलपासून त्याच्या गाडीत बसायला लागली आहे. पुढच्या सीटवर.

हे मी पावभाजीच्या मेसेजमध्ये कसं लिहू?

२८ जून, शनिवार

सकाळी संग्राम 'जिम'ला गेला. म्हणजे चर्चच्या तळघरात, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला, मंगळवारी आणि शनिवारी असते ती. तिथे खुर्च्या गोल मांडून बसतात आणि एकेक जण बोलतो. हा अजून बोललेला नाही, नुसता ऐकतो. येताना डोनट घेऊन येतो. जिमहून डोनट आणणारा माणूस माझ्याच नवऱ्याच्या नशिबी असावा! पण आल्यावर चहा तो करतो. आलं किसून. कप माझ्यासमोर ठेवताना हल्ली हात थरथरत नाही. मी मुद्दाम त्या हाताकडेच बघते.

लोकांना सांगून ठेवलंय — अँटिबायोटिक चालू आहे. आधी हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. परवा हिमानी म्हणाली, अगं, इतके महिने अँटिबायोटिक कोण देतं, डॉक्टर बदला.

१ जुलै, मंगळवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

एकादशी कधी आहे बघायला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटलं — आईने नागपूरहून पाठवलेलं, तेलाचे डाग पडलेलं. बघते तर पंचवीस जुलैपासून श्रावण! दोन ऑगस्ट म्हणजे ऐन श्रावणातला शनिवार! ऑफिसला उशीर झाला तरी चालेल म्हणून तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं — सॉरी हं, कोणाच्याच लक्षात नाही आलं, आमच्याकडे श्रावणात बाटलीला शिवत नाहीत, सासूबाईंना कळलं तर घरात घेणार नाहीत.

मागच्या श्रावणात पद्मिनीच्याच डेकवर मी चिकन लॉलीपॉप हाणले होते, ते कोणी काढू नये म्हणून देवाला हात जोडले. कोणी काढलं नाही! हिमानी म्हणाली, अय्या, खरंच की, माझ्या सासूबाई इथेच आहेत, त्या तर कांदासुद्धा खात नाहीत. मग सगळे गप्प. दुपारपर्यंत गप्प. मी ऑफिसहून येऊन शिरा केला. संग्रामने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, रवा संपवायचा होता.

२ जुलै, बुधवार

शैलेंद्रचा मेसेज. एकच ओळ. "श्रावणाच्या आधी काय असतं, मंडळी?"

गटारी!!

एकोणीस जुलै, श्रावणाच्या आधीचा शेवटचा शनिवार. वाढदिवस आधीच साजरा करायचा आणि गटारीही. म्हणे दोन पक्षी. मघापर्यंत नुसती ट्रिप होती, आता मोहीम झाली. शंतनूने लिहिलंय, गटारीला कोणी अँटिबायोटिकचं नाव काढायचं नाही. पद्मिनीने ड्रायव्हरसकट व्हॅन ठरवली पण — कोणालाच कोरडं राहायला लागू नये म्हणून.

आणि वर सगळ्यांनी माझे आभार मानले. मीनाक्षीमुळे आठवलं!

स्वतःच्या हाताने दोन आठवडे अलीकडे ओढून आणलं मी ते. भांडी घासताना रडले. डिशवॉशर असताना घासत बसले होते.

६ जुलै, रविवार

आज आषाढी. खिचडी केली, देवासमोर उभी राहिले. मागू काय? द्राक्षांवर कीड पडू दे?

८ जुलै, मंगळवार

खोटं बोलले. ग्रुपवर लिहिलं, सहा माणसं असली की आधी रिझर्व्हेशन लागतं आणि सगळं फुल आहे. तासाभरात पद्मिनीने चारही ठिकाणी फोन करून जागा मिळवल्या. एका ठिकाणी तर खिडकीजवळचं टेबल. तळं दिसतं म्हणे. मग मला फोन करून अर्धा तास समजावत बसली — थंड हवेमुळे तिथे रीसलिंग नावाची पांढरी द्राक्षं चांगली येतात, तळं खोल आहे, हिवाळ्यात सहसा गोठत नाही, त्याच्या उबेने वेली वाचतात. आधी कोरडी म्हणजे बिनगोड वाइन घ्यायची, गोड शेवटी. मी हं हं करत होते. या बाईला एवढा उत्साह येतो कुठून? माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला माझ्यापेक्षा जास्त!

राग येतोय तिचा. तिने माझं काहीच वाईट केलेलं नाही, तरी येतोय.

१० जुलै, गुरुवार

अनयाला कळलं. माझा फोन टेबलावर होता आणि ग्रुपवर कोणीतरी बाबाचा चेहरा बाटलीवर चिकटवून पाठवला होता. फोन माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी सगळं सांगितलं.

"मॉम, जस्ट टेल देम."

म्हटलं, मी बाबाची शपथ घेतलीय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून.

"सो ही डाइज बिकॉज यू प्रॉमिस्ड?"

कढई आपटली मी. पंधरा वर्षांची पोर, बोलते काय! पण नंतर पँट्रीत जाऊन डाळीचे सगळे डबे उगाच पुन्हा ओळीने लावले.

११ जुलै, शुक्रवार

संग्रामला सांगून टाकलं. तो मागच्या दारी कढीपत्त्याला पाणी घालत होता. पाणी कुंडीतून वाहायला लागलं तरी घालत राहिला.

मी म्हटलं, आपण सांगू या त्यांना. लोक समजून घेतील. तो म्हणाला, समजून घेतील, तोंडावर. पाठीमागे बेवडा म्हणतील. अनयाचं लग्न ठरेपर्यंत म्हणत राहतील. शैलेंद्र त्याच्याच मजल्यावर बसतो ऑफिसात. त्याला कळलं की लंचपर्यंत सगळ्या टीमला कळेल, मुद्दाम नाही सांगणार तो, पण तोंडात राहणार नाही त्याच्या. मग म्हणाला, मी ड्राइव्ह करतो ना, ड्राइव्ह करणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. मी व्हॅनचं सांगितलं. ड्रायव्हरचंही.

तो जाऊन नळ बंद करून आला. "जाऊ या," म्हणाला. "मला काही होत नाही."

'मला काही होत नाही.' पंधरा वर्षं हेच वाक्य ऐकलंय मी! दर वेळी याच आवाजात.

१३ जुलै, रविवार

एक मार्ग दिसतोय. या वाइनऱ्या द्राक्षाचा रसही विकतात. पांढऱ्या द्राक्षाचा रस आणि रीसलिंग काचेतून सारखंच दिसतं, मी फोटो शेजारी शेजारी लावून पाहिलं. उद्या फोन करते.

१४ जुलै, सोमवार

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून चारही ठिकाणी फोन केले. सांगितलं, आमच्यात संग्राम म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळ्यांसारख्याच ग्लासात नुसता रस द्या, आणि कृपा करून काही बोलू नका. चारही जणी चांगल्या बोलल्या. एक तर म्हणाली, असे फोन आम्हाला नेहमी येतात, काळजी करू नका. तिच्या त्या 'नेहमी'वर मला इतकं हायसं वाटलं! जगात आणखी कितीतरी बायका पार्किंगमध्ये बसून हाच फोन करतायत म्हणजे.

संग्रामला सांगितलं. मान डोलावली.

१६ जुलै, बुधवार

काल मीटिंगला गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. आज ऑफिसहून उशिरा आला. दारातच मी त्याच्या गळ्यात पडले. गेल्या कित्येक वर्षांत अशी पडले नव्हते. तो हलला नाही.

"हुंगून झालं?" म्हणाला.

काही वास नव्हता. नुसता घामाचा होता. मला इतकी लाज वाटली की जेवायला वाढताना वर बघवेना. आणि तरी, उद्या तो आला की मी पुन्हा हुंगणार आहे. हे असं झालंय माझं.

१८ जुलै, शुक्रवार

थेपले झाले. चिवडा भरला. दह्याचा डबा कूलरमध्ये. वाइनरीत बाहेरचं खाणं चालत नाही असं त्यांच्या साइटवर स्वच्छ लिहिलंय, पण आपले लोक ऐकणार थोडेच! व्हॅनमध्ये खाऊ. अनया मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना बाबाला मिठी मारली, मला नाही.

संध्याकाळी बाथरूममधून संग्रामचा आवाज. आरशासमोर उभा राहून चकित व्हायची प्रॅक्टिस करत होता! "अरे, तुम्ही सगळे? यार, हे काय!" भुवया वर, मग जरा कमी वर. मी दारात उभी. त्याने आरशातून पाहिलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की मला टबच्या काठावर बसावं लागलं. हसता हसता त्याने बेसिनची कड धरली. दोन्ही हातांनी. सोडेचना.

म्हटलं, नको जाऊ या. ताप आलाय सांगते.

म्हणाला, आणि पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या?

२० जुलै, रविवार

लिहिते. सगळं लिहिते.

काल उजाडताच व्हॅन दारात. संग्राम छान चकित झाला. शैलेंद्रने त्याच्या गळ्यात हार घातला, कपाळाला पन्नास लिहिलेली पट्टी बांधली. बिंगहॅम्टनपर्यंत गाण्यांच्या भेंड्या. मग टेकड्या, गोठे, मक्याची शेतं, आणि एका वळणावर एकदम खाली ते तळं! लांबवर पसरलेलं, निळंशार. सगळे खिडक्यांना चिकटले. मला वाटलं, किती सुंदर जागी आणलंय मी याला मारायला.

पहिल्या ठिकाणी रस आला. कोणाला कळलं नाही. संग्रामने दांडी धरून ग्लास फिरवला, नाकाशी नेला, शहाण्यासारखा 'हं' म्हणाला. दुसऱ्या ठिकाणीही तसंच. पद्मिनी सगळ्यांना काय कशात येतं ते सांगत होती — यात सफरचंद, यात लिंबाची साल. शंतनू म्हणाला, मला तर सगळ्यात वाइनच लागतेय. मी पण हसले. श्वास घ्यायला लागले होते मी. वाटलं, निभावलं.

तिसऱ्या ठिकाणी खिडकीजवळचं टेबल. फोनवरची मुलगी नव्हती, दुसरीच होती, कॉलेजातली असेल. बिचारी आनंदाने ट्रे घेऊन आली आणि खणखणीत आवाजात विचारलं, नॉन-अल्कोहोलिक कोणासाठी? चिठ्ठी होती तिच्या हातात. चिठ्ठीवरचं नावही वाचलं. सॅन्ग्रॅम.

शैलेंद्र म्हणाला, अगं बाई, चूक झाली तुमची, हा तर बर्थडे बॉय! आणि स्वतःचा भरलेला ग्लास सरकवला संग्रामसमोर. "घे रे. आजच्या दिवशी तुझं अँटिबायोटिक गेलं खड्ड्यात."

संग्रामने ग्लास उचलला.

टेबलाखाली मी माझाच हात चिमटत होते. त्याने ग्लास उचलला, फिरवला नाही, हुंगला नाही, नुसता धरला. वाइन हलत होती, सगळ्यांना दिसत होती. मग त्याने तो शैलेंद्रसमोर परत ठेवला, अगदी जपून, सांडू न देता.

"शैल्या, मी पीत नाही. फेब्रुवारीपासून," म्हणाला. "अँटिबायोटिक वगैरे काही नव्हतं. मी बेवडा आहे, यार. पोरीला गाडीत घेऊन प्यायलेलो होतो मी. आता चर्चमध्ये जाऊन बसतो दर आठवड्याला. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती."

शैलेंद्र हसला. त्याला जोक वाटला. मग बघत राहिला, आणि मग उठून बाहेर हिरवळीवर निघून गेला. हिमानी नॅपकिनच्या घड्या घालत बसली. शंतनू फोन बघायला लागला, उलटा धरला होता. पद्मिनी खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. संग्रामने तो द्राक्षाचा रस घेतला आणि सगळा पिऊन टाकला. तहान लागल्यासारखा.

चौथी वाइनरी कॅन्सल केली. परत येताना व्हॅनमध्ये थेपल्यांचा डबा कोणी उघडला नाही. संग्राम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. मला झोप नाही. सतरा वर्षांची माणसं ही. अनयाच्या बारशाला हीच होती. गमावली आम्ही.

आणि तरी — हे लिहू की नको — मला त्याचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. लग्नातसुद्धा नाही.

२१ जुलै, सोमवार

ग्रुपवर काही नाही. ऑफिसात शैलेंद्रने संग्रामला पाहून जिन्याचं दार उघडलं आणि जिन्याने गेला. सहा मजले.

२२ जुलै, मंगळवार

हिमानी ग्रुपमधून बाहेर पडली. संग्राम मीटिंगला गेला. आज बोलला म्हणे तिथे, पहिल्यांदा. काय बोललास विचारलं नाही. तो येईपर्यंत अनया दारात उभी होती.

हे बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. घर शांत आहे. फोन वाजत नाही. वाजावा असं इतकं वाटतंय!

२३ जुलै, बुधवार

दुपारी पद्मिनीचा फोन. आधी अनयाची चौकशी केली. मग विचारलं, संग्राम जातो तिथे कोणीही गेलं तर चालतं का. मी म्हटलं, चालतं गं, शैलेंद्रला म्हणावं शनिवारी ये, संग्राम स्वतः घेऊन जाईल —

"शैलेंद्रसाठी नाही, मीनू," ती म्हणाली. "माझ्यासाठी विचारतेय. त्याला माहीत नाही."